सायन्स सेंटरला आधी वर्कशॉप द्या, घुमट नंतर बांधा

कोपरखैरण्याहून ठाणे, ठाण्याहून दादर, दादरला पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो पकडायची आणि महालक्ष्मीला उतरून टॅक्सी करायची, असा प्रवास करून मी वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला आजवर कितीतरी वेळा गेलोय. आधी स्वतःच्या मुलाला घेऊन, मग भावाच्या मुलीला, एकदा तर सोसायटीतली नऊ पोरं एकत्र घेऊन. आता भुयारी मेट्रोचं सायन्स सेंटर नावाचं स्टेशनच झालंय त्यामुळे शेवटचा टप्पा सोपा झाला, तरी आमच्या पट्ट्यातून जायचं म्हणजे अख्खा दिवस जातोच. दिघा, रबाळे, घणसोलीच्या महापालिका शाळेतलं पोर तिथे बहुतेक एकदाच जातं, सहलीच्या बसनं, लांबलचक रांगेत, बाईंचं "चला चला, पुढे चला" ऐकत. म्हणून नेरूळच्या वंडर्स पार्कात महापालिका सायन्स पार्क उभारतेय हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता आणि तो अजून तसाच आहे, ठाण्यालाही असं काहीतरी व्हायला हवं असं वाटतं. हे लिहितोय ते विरोधासाठी नाही. ठाणे-बेलापूर रोडवर एकतीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस म्हणून मला एकच गोष्ट सांगायचीये, की हात लावून बघायच्या म्युझियमचा जीव त्याच्या वर्कशॉपमध्ये असतो आणि पैशाचा पहिला घास तिथे गेला पाहिजे.

दोनेक वर्षांपूर्वी पुतणीला घेऊन एका विज्ञान प्रदर्शनाला गेलो होतो, कुठलं ते सांगत नाही कारण मुद्दा त्या एका जागेचा नाही. नवीकोरी इमारत, मोठमोठ्या काचा, एसी, फरशी अशी की तोंड दिसावं. पहिल्या हॉलमध्ये वीसेक मॉडेलं होती आणि त्यातल्या आठांवर कागद चिकटवलेला, दुरुस्तीसाठी बंद. मी सवयीनं वाकून बघायला लागलो. एकाचं हँडल फिरत होतं पण आतली चकती हलत नव्हती, शाफ्टवरचा ग्रब स्क्रू, म्हणजे चकतीला दांड्यावर घट्ट धरणारा छोटा स्क्रू, सैल झालेला, ॲलन की घेऊन दोन मिनिटांचं काम. दुसऱ्याचं पुश बटण गेलेलं, ते कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं. तिसऱ्याचा पट्टा तुटलेला. पुतणी तेव्हा सातवीत होती, ती म्हणाली, "काका, इथे करायचं काय नक्की?" तिथल्या सिक्युरिटीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, साहेब कंपनीचा माणूस बाहेरगावाहून येतो, कंप्लेंट टाकलीये. कधी टाकली? तर म्हणे दिवाळीच्या आधी. आणि आम्ही गेलो होतो एप्रिलमध्ये.

मला त्या दिवशी जे वाईट वाटलं ते अजून जात नाही. कारखान्यात मशीन बंद पडलं की सुपरवायझर डोक्यावर उभा असतो, किती जॉब बुडाले याचा हिशोब मिनिटावर होतो. इथे बारा वर्षांचं पोर येतं, हँडल फिरवतं, काहीच होत नाही, पुढे जातं, पुढच्या हँडलला हात लावताना त्याचा हात आधीच सैल असतो. तिसऱ्या बंद मॉडेलनंतर ते मोबाइल मागतं. हा ब्रेकडाऊन कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिला जात नाही.

आता कोणी म्हणेल हात लावण्यात एवढं काय आहे, व्हिडिओवर सगळं दिसतं, आणि घराघरात दिसतं. तर एक साधी गोष्ट घ्या. मीटरभर तांब्याचा पाइप उभा धरायचा आणि वरून एक जोरदार चुंबक आत सोडायचा. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे पोरांनी आधी स्वतः तपासलेलं असतं. नुसता खिळा सोडला तर अर्ध्या सेकंदाच्या आत खाली टण्णकन पडतो. चुंबक मात्र आत तरंगल्यासारखा सावकाश येतो, पोरं वरून डोकावतात, खालून डोकावतात, पाइप हलवून बघतात, कुठे अडकला तर नाही ना. पडणाऱ्या चुंबकामुळे पाइपात वीज खेळायला लागते आणि त्या विजेचं स्वतःचं चुंबकत्व चुंबकाच्या पडण्याला विरोध करतं, लेन्झ नावाच्या शास्त्रज्ञानं १८३४ साली हे सांगितलं आणि दहावी-बारावीत आपण ते दोन मार्कांसाठी पाठ केलं. पण पाइप हातात धरलेला असताना तो चुंबक आतून जातो तेव्हा तेवढ्यापुरतं पाइपाचं वजन वाढल्यासारखं हाताला लागतं, हे व्हिडिओत कसं कळणार? मग सांगायचं की बाळा, तू ठाण्याहून ज्या लोकलनं आलास ना, ती ब्रेक मारताना याच घराण्यातलं काम करते, तिच्या मोटारी त्या वेळी जनरेटर होतात आणि तयार झालेली वीज परत ओव्हरहेड वायरीत जाते. सोसायटीतला एक मुलगा हे ऐकल्यावर परतीच्या गाडीत प्रत्येक स्टेशन येताना डोळे मिटून कान देऊन बसला होता, मोटारीचा आवाज कसा उतरत जातो ते ऐकायला.

अशा म्युझियमची कल्पना काही एका माणसाची नाही. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये बटणं दाबून, दांडे फिरवून चालणारी यंत्रं शंभर वर्षांपूर्वीपासून आहेत, पॅरिसमध्ये १९३७ साली ज्याँ पेराँ या नोबेलवाल्या शास्त्रज्ञानं लोकांसमोर खरेखुरे प्रयोग करून दाखवणारं पॅले द ला देकुव्हेर्त उभं केलं. पण आज आपण ज्याला हँड्स-ऑन म्हणतो ते खऱ्या अर्थानं रुजवलं सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियमनं, आणि ते ज्यानं काढलं त्या माणसाची गोष्ट मला फार जवळची वाटते. फ्रँक ओपनहायमर. अणुबॉम्बवाल्या ओपनहायमरचा धाकटा भाऊ, स्वतःही उत्तम फिजिसिस्ट, त्या प्रकल्पात कामही केलेला. पुढे कम्युनिस्ट पक्षाशी जुना संबंध होता म्हणून १९४९ मध्ये युनिव्हर्सिटीतली नोकरी गेली, दुसरीकडे कुठे दार उघडेना, तर हा माणूस कोलोरॅडोत जाऊन गुरं पाळायला लागला. दहाएक वर्षं तशी गेली. मध्येच गावच्या शाळेत शिकवायला घेतलं तर पोरांना गावाबाहेरच्या भंगारात न्यायचा, टाकलेल्या मोटारी, पंप, गिअर उचकटून त्यातून फिजिक्स शिकवायचा. मग पुन्हा युनिव्हर्सिटीत जागा मिळाली, तिथे त्यानं विद्यार्थ्यांसाठी प्रयोगांची लायब्ररी केली, म्हणजे मांडून ठेवलेले प्रयोग, कधीही या आणि करा. १९६५ मध्ये युरोपला गेला, तिथली म्युझियमं बघितली आणि परत येऊन १९६९ च्या शरद ऋतूत एक्स्प्लोरेटोरियम उघडलं.

कसं उघडलं ते महत्त्वाचं आहे. जागा होती पॅलेस ऑफ फाइन आर्ट्सची, १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या वास्तूचा अर्धचंद्रासारखा अवाढव्य हॉल, जवळपास रिकामा. थोड्याच वस्तू मांडल्या होत्या आणि दार उघडं ठेवलं. वर्कशॉप लपवलेलं नव्हतं, येणाऱ्या लोकांना वेल्डिंग, सुतारकाम, लेथ सगळं डोळ्यांसमोर चाललेलं दिसायचं. एखादी वस्तू कच्ची बनवायची, फ्लोअरवर ठेवायची, लोक तिचं काय करतात ते बाजूला उभं राहून बघायचं, मग परत आत नेऊन बदलायची. लोक उलट्या बाजूनं फिरवतात? मग तशीही फिरली पाहिजे. लहान पोरांचा हात पोचत नाही? पाय कापा टेबलाचे. मेंटेनन्सवाल्याला हे ऐकून किती बरं वाटतं ते मी सांगू शकत नाही, कारण आमचं आयुष्य यातच गेलं, डिझाइनवाल्यानं कागदावर काढलेलं मशीन आणि ऑपरेटर प्रत्यक्षात वापरतो ते मशीन या दोघांमधलं अंतर बुजवण्यात. १९८५ मध्ये फ्रँक गेले, २०१३ मध्ये म्युझियम बंदरावरच्या पिअर १५ वर हललं, तिथे आता ६०० च्या वर वस्तू आहेत, आणि वर्कशॉप अजूनही लोकांसमोर उघडं आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. आपल्या वस्तू कशा बनवायच्या याची पाककृतीसारखी पुस्तकं काढली, कुकबुकच नाव दिलं, तीन भाग, मिळून २०० च्या आसपास वस्तूंची कृती, माप, साहित्य, कुठे चुकतं ते सगळं. जगातल्या कोणीही घ्या आणि बनवा. त्या पुस्तकांवरून जगभर सेंटरं उभी राहिली. म्हणजे आपल्याला परदेशी कंपनीकडून पॅकेज आणायची गरजच नाहीये, कृती उपलब्ध आहे, स्वयंपाकी पाहिजेत.

आणि आपल्याकडे ही परंपरा नवीन आहे असं अजिबात नाही, याचा मला खूप अभिमान आहे. कोलकात्याचं बिर्ला म्युझियम १९५९ चं. त्यांनी १९६५ पासून फिरतं प्रदर्शन सुरू केलं, बसमध्ये मॉडेलं घालून खेडोपाडी. १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद झाली, तिची स्वतःची वर्कशॉपं आहेत, कोलकात्यात माणसं तयार करायची आणि वस्तू डिझाइन करायची वेगळी प्रयोगशाळा आहे. नागपूरचं रमण विज्ञान केंद्र त्यांचंच. आणि वरळीचं नेहरू सायन्स सेंटर कसं उभं राहिलं बघा. १९७७ मध्ये आधी प्रकाश आणि दृष्टी या विषयाचं एक प्रदर्शन झालं. १९७९, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालवर्षात, उघड्यावरचं सायन्स पार्क झालं, झाडांखाली, पोरांनी झोके घ्यायचे, ओढायचं, ओरडायचं आणि त्यातून विज्ञान. मोठी इमारत झाली त्यानंतर, ११ नोव्हेंबर १९८५ ला राजीव गांधींनी उद्घाटन केलं. म्हणजे आठ वर्षं माणसं वस्तू बनवत होती, लोकांचे हात लागत होते, शिकत होती, आणि मग इमारत. तिथल्या बागेत समोरासमोर दोन मोठ्या तबकड्या आहेत, एकीकडे तोंड करून कुजबुजलं की लांब दुसऱ्या तबकडीपाशी उभ्या असलेल्याला स्पष्ट ऐकू येतं, मधे गोंधळ चाललेला असला तरी. त्यात ना मोटर, ना वायर, ना स्क्रीन. पॅराबोलाचा आकार आणि मजबूत पाया. असल्या वस्तूला दुरुस्ती फारशी लागतच नाही, पोरांच्या पिढ्या त्यावर वाढतात. मी माझ्या मुलाशी त्यातून बोललोय आणि वीस वर्षांनी पुतणीशी बोललोय.

पुण्याचं उदाहरणही घ्या. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून तिची इमारत झाली, नाव पुलस्त्य. तिथे अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, रिकाम्या बाटल्या, असल्या वस्तूंतून पोरांना विज्ञान करायला लावलं. आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेनं २०१३ मध्ये राष्ट्रीय परिषदेच्या मदतीनं चिंचवडला सायन्स पार्क सुरू केलं, म्हणजे महापालिकेला हे जमतं, हा प्रश्नही निकालात निघालेला आहे.

मग अडतं कुठे? माझ्या मते पैसे कसे मांडले जातात तिथे. आपल्याकडे कुठलंही मोठं सार्वजनिक काम दोन भागांत बघितलं जातं, बांधकाम आणि साहित्य. दोन्ही एकदाच खर्च करून संपतात, कोनशिला बसते. तिसरा भाग, म्हणजे रोज सकाळी पाना घेऊन फिरणारा माणूस, तो कागदावर येतो तो एएमसी, म्हणजे ठेकेदाराशी केलेला वार्षिक देखभालीचा करार म्हणून. एएमसीची गंमत अशी नसते की ती वाईटच असते, लिफ्टला एएमसी चालते, कारण लिफ्ट जगभर सारखीच असते आणि तिचे पार्ट मिळतात. पण म्युझियममधली प्रत्येक वस्तू एकुलती एक असते, आणि तिच्यावर रोज शेकडो पोरांचे हात पडणार असतात. मी लिहून देतो, पोरं फिरवायच्या वस्तूवर जेवढा भार टाकतात तेवढा बऱ्याच कारखान्यांतल्या हँडव्हीलवर येत नाही, चार जण लोंबकळतात त्याला. त्यामुळे तुटणारच. तुटणं हा दोष नाही, जे तुटतं ते आवडलेलं असतं. ज्या वस्तूला वर्षभर काही होत नाही तिच्याकडे संशयानं बघा, कदाचित तिला कोणी हातच लावत नसेल. प्रश्न एवढाच, की शुक्रवारी तुटलेली वस्तू शनिवारी सकाळी चालू असेल का. बाहेरगावच्या ठेकेदाराच्या भरवशावर ती असणार नाही. जागेवर लेथ, ड्रिल, वेल्डिंग सेट, सुताराचं टेबल, स्पेअरचं कपाट आणि तीन-चार पगारी माणसं असतील तर असेल.

देखभाल कमी पडली तर केवढी मोठी जागा जाऊ शकते याचं उदाहरण ताजं आहे. टोरांटोचं ओंटारियो सायन्स सेंटर, तेही १९६९ चंच, एक्स्प्लोरेटोरियमच्या जोडीचं, जून २०२४ मध्ये एका दिवसात बंद झालं. छताचे पॅनल धोकादायक असल्याचा इंजिनिअरांचा अहवाल हे कारण देण्यात आलं. ५५ वर्षांची जागा, दारावर कुंपण. तिथे छप्पर होतं, आपल्याकडे ग्रब स्क्रू आहे, दुखणं एकाच जातीचं.

आता माणसं कुठून आणायची? हा प्रश्न इतर कुठल्याही शहरानं विचारला तर मी समजू शकतो. ठाणे आणि नवी मुंबईनं विचारू नये. १९६२ मध्ये एमआयडीसी झाली आणि वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी, मग खाडीच्या या बाजूला टीटीसी औद्योगिक वसाहतीचा पट्टा, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत. इथे केमिकल होतं, इंजिनिअरिंग होतं, इलेक्ट्रिकल होतं. कंपन्या गेल्या, जागेवर आयटी पार्क आणि डेटा सेंटर आली, पण माणसं इथेच राहिली, कळव्यात, ऐरोलीत, कोपरखैरण्यात, दिव्यात. अशी माणसं की जी कानस मारून मिलिमीटरचा शंभरावा भाग काढतात, बेअरिंगचा आवाज स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून ऐकून सांगतात अजून किती दिवस टिकेल. पंचावन्न-साठीत घरी बसलीयेत, नातवंडांना शाळेत सोडतात, संध्याकाळी कट्ट्यावर. यांच्या हातातलं ज्ञान कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही आणि पुढच्या पंधरा वर्षांत ते जाणार आहे. त्यांना शेजारच्या आयटीआयच्या पोरांच्या जोडीनं बसवा, एक जुना आणि दोन नवे, मानधन द्या, व्यवस्थित द्या, सेवाभाव म्हणून फुकट राबवू नका. पोरगं शिकेल, वस्तू बनेल, आणि वर्कशॉपला काच लावा म्हणजे शाळेतल्या मुलांना दिसेल की हे बनवणारी माणसं आपल्या बापासारखीच दिसतात. माझा बाप फिटर आहे हे वर्गात मोकळेपणानं न सांगणारी मुलं मी पाहिलीयेत. त्या मुलानं काचेतून आपल्या आजोबाला लेथवर बघावं आणि बाकीच्या वर्गानंही बघावं, यासाठी मी वाट्टेल तेवढे हेलपाटे घालीन.

वस्तूही इथल्या असाव्यात. सगळीकडे तेच ते, प्लाझ्मा बॉल, आरशांची खोली, डायनासोर, हे ठेवा, पोरांना आवडतं. पण नवी मुंबईत राहणाऱ्या किती लोकांना माहितीये की आपण पाण्याच्या एका फार हुशार व्यवस्थेवर राहतो? सिडको १९७० मध्ये झाली, शहर वसवलं ते खाडीकाठच्या सखल, दलदलीच्या जमिनीवर भराव टाकून, मोठ्या भरतीला खाडीचं पाणी काही भागांपेक्षा वर चढतं. मग पावसाचं पाणी जाणार कुठे? म्हणून डच पद्धतीनं होल्डिंग पाँड केले, म्हणजे मोठाले तलाव, आणि खाडीच्या तोंडाशी झडपा. भरती आली की खाडीच्या पाण्याचाच दाब झडपेला बाहेरून ढकलून बंद करतो, तेवढा वेळ पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो, झडप आपोआप उघडते, तलाव खाडीत रिकामा. ना मोटर, ना ऑपरेटर. आता या तलावांमध्ये गाळ भरलाय, खारफुटी वाढलीये, उपसायचं तर परवानग्यांचा प्रश्न, हे सगळं आपण पावसाळ्यात पेपरात वाचतो पण झडप कशी चालते हेच माहीत नसेल तर त्या वादात आपण बोलणार काय? दहा फुटी काचेची टाकी करा, एका बाजूला खाडी, एका बाजूला नोड, म्हणजे आपली वस्ती आणि तिचा तलाव, मधे बिजागरीची झडप. पोरानं चाक फिरवून भरती आणायची, वरून झारीनं पाऊस पाडायचा. मग तळाशी मूठभर वाळू टाकून परत करून बघायचं, तलावात आता किती पाणी मावतं. घरांच्या ठोकळ्यांपर्यंत पाणी पोचलं की ते पोर स्वतः ओरडेल, आणि त्याचा बाप बाजूला उभा राहून विचारात पडेल. हे बनवायला कुठलंही परदेशी तंत्रज्ञान लागत नाही, एक चांगला फॅब्रिकेटर, एक काचवाला, आणि झडपेचं लेव्हल जमवायला चार-पाच प्रयत्न.

दुसरी वस्तू फुकोचा पेंडुलम. १८५१ मध्ये फुकोनं पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटरच्या तारेवर गोळा लटकवून पृथ्वी फिरते ते लोकांना जागच्या जागी दाखवलं. झोका एकाच दिशेत चालू राहतो, खालची जमीन वळते, म्हणून झोक्याची दिशा हळूहळू सरकल्यासारखी दिसते. ध्रुवावर पूर्ण फेरा एका दिवसात, विषुववृत्तावर फेराच नाही, पॅरिसला साधारण ३२ तास, आणि आपल्या १९ अंश अक्षांशावर ७३ तासांच्या आसपास. म्हणजे तासाला पाच अंशांपेक्षा किंचित कमी. हा आकडा आपला आहे, आपल्या गावाचा आहे. गोळ्याभोवती गोलात खुंट्या उभ्या करायच्या. सकाळी दहाला शाळा आली, पेंडुलमनं एक खुंटी पाडली, दुपारी निघताना बघितलं तर मधल्या चौदा-पंधरा अंशांतल्या सगळ्या खुंट्या आडव्या, बाईंनी न सांगता भूगोल झाला. ठाण्याला केलं तर तिथे शेजारी १६ एप्रिल १८५३ ची गाडी हवी, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, आणि पोरांना हातानं पंप मारून वाफेऐवजी हवेच्या दाबावर पिस्टन ढकलता आला पाहिजे, नुसतं रंगवलेलं इंजिन काचेत ठेवू नका.

लोक म्हणतात पोरं अशा ठिकाणी नुसती धावतात, बटणं दाबतात, शिकत काही नाहीत. यात तथ्य आहे, मी ते डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्याचं उत्तर पाट्यांमध्ये नाही, माणसांमध्ये आहे. एक्स्प्लोरेटोरियमनं सुरुवातीपासून शाळा-कॉलेजच्या वयाची मुलं पगार देऊन फ्लोअरवर ठेवली, एक्स्प्लेनर म्हणतात त्यांना. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा बारा वर्षांच्या मुलाला जे विचारू शकतो ते मोठा माणूस विचारू शकत नाही, मोठा माणूस लगेच उत्तर देऊन मोकळा होतो. मी पण तेच करतो, पुतणी ओरडते माझ्यावर, "काका, थांबा ना, मला बघू दे." आपल्याकडे ज्युनिअर कॉलेजची, डिप्लोमाची मुलं सुट्टीत काम शोधत असतात. त्यातली मराठी बोलणारी, आगरी-कोळी घरातली, हिंदी-उर्दू बोलणारी, सगळी घ्या, येणारी पोरंही तशीच असणार. महापालिका शाळांना कायम मोफत प्रवेश हवा आणि तोही पुन्हा पुन्हा येता येईल असा, कारण पहिल्या वेळेला पोर फक्त धावतं, थांबायला शिकतं ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला.

स्क्रीनबद्दल एवढंच, की तारांगणाला लागते, सूक्ष्मदर्शकाला लागते, तिथे लावा. पण भिंतभर टचस्क्रीन लावून त्याला हँड्स-ऑन म्हणू नका. बोट काचेवर सरकवणं आमची पोरं घरी करतातच, आणि पाच वर्षांनी ती स्क्रीन बंद पडली की तिचा पार्टही बनत नसेल.

म्हणून माझी मागणी सोपी आहे. बांधकाम चालू आहे तिथे चालू राहू दे. पण त्याच वेळी एक पत्र्याची शेड द्या, थ्री फेज कनेक्शन द्या, आणि आजपासून वस्तू बनवायला घ्या. महिन्याला दोन बनल्या तरी वर्षात चोवीस होतात. तोवर शनिवार-रविवारी त्या जवळच्या बागेत, स्टेशनच्या कॉन्कोर्समध्ये मांडा, वाशी स्टेशनची इमारत केवढी मोठी आहे, पोरांनी त्या तोडू देत, आम्ही बघतो कुठे तुटतंय ते. उद्घाटनाच्या दिवशी मग पॅकिंग फोडलेली मॉडेलं नसतील, दोन वर्षं घासून पक्की झालेली असतील.

हे लिहायच्या आधी मी तीन जुन्या मित्रांना फोन केला. ऐरोलीचा वेल्डर म्हणाला, कधीपासून यायचं. कळव्याचा इन्स्ट्रुमेंटवाला आजारी असतो हल्ली, तो म्हणाला, घरी बसून सर्किट बनवून देतो, पाठवून दे. दिव्याचा आमचा टर्नर काही बोललाच नाही थोडा वेळ, मग म्हणाला, लेथ किती फुटी देणार? मी म्हटलं अजून कशाचाच पत्ता नाही. तर म्हणाला, सहा फुटी असेल तर पेंडुलमचा गोळा मी टर्न मारून देतो, पण तार वर जिथे पकडतात त्या क्लॅम्पचं तू बघ, तो जरा जरी एका बाजूला धरला ना तर गोळा सरळ झोका घेणार नाही, लंबगोल फिरायला लागेल.